जुन्या मोटारसायकलीची क्लच केबल: बाजारातला माल पारखून घेण्याची आणि बसवण्याची पद्धत

यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला, आणि कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट नवी मिळेनाशी होऊनही आता बरीच वर्षे लोटली. या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत आणि हौसेने विकत घेतल्या जात आहेत. अशी गाडी नव्याने घेणाऱ्याला जे किरकोळ भाग लवकरच बदलावे लागतात, त्यांत क्लच केबल बहुधा असतेच. तेव्हा गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: लोकल केबल टिकत नाही. या वाक्यात तथ्य आहे, परंतु अर्धेच. बाजारात खरोखर निकृष्ट केबली आहेत आणि त्या दुकानाच्या काउंटरवरच ओळखता येतात; मात्र चांगली केबलही झिजलेल्या लिव्हरमध्ये अडकवली किंवा चुकीच्या वळणाने नेली, तर ती तितक्याच लवकर तुटते आणि दोष कंपनीच्या नावावर जमा होतो. म्हणून केबल निवडणे आणि केबल बसवणे ही दोन्ही कामे येथे एकत्रच घेतली आहेत.

केबल कुठे तुटते, का तुटते

अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये जिचे पेटंट घेतले, तीच रचना आजही वापरात आहे. बारीक पोलादी तारांना पीळ देऊन केलेली दोरी आत असते आणि तिच्याभोवती पोलादी तारेच्या घट्ट वेटोळ्यांचे आवरण असते. त्यावर प्लॅस्टिकचा थर असतो, आणि अलीकडच्या केबलींमध्ये तार व आवरण यांच्यामध्ये नायलॉनसारख्या गुळगुळीत पदार्थाची एक नळी, म्हणजे लायनर, घातलेली असते. लिव्हर दाबली की आतली तार ताणली जाते हे कोणाच्याही लक्षात येते. त्याच वेळी बाहेरचे आवरण तेवढ्याच बळाने दाबले जाते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. आवरणाची वेटोळी सैल असतील तर लिव्हरच्या ओढीचा काही भाग आवरण आक्रसण्यातच खर्ची पडतो, क्लचच्या प्लेटा पुरत्या सुट्या होत नाहीत, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, आणि मालक नव्या क्लच प्लेटांचा खर्च करून मोकळा होतो. हलक्या केबलीचे हे नुकसान ती न तुटताच होते.

आता तुटण्याविषयी. तार मधोमध तुटल्याचे क्वचितच आढळते. ती टोकाला, निपलच्या (तारेच्या टोकावर घट्ट बसवलेल्या धातूच्या गोळीच्या) तोंडाशी तुटते, आणि बहुतेक वेळा हँडलकडच्या टोकाला. लिव्हर आपल्या बोल्टभोवती फिरते, त्यामुळे तिच्या भोकात बसलेल्या दंडगोल निपललाही प्रत्येक दाबेगणिक थोडे फिरावे लागते. निपल मोकळे फिरले तर तार सरळ राहते. ते गंजाने, मातीने किंवा भोकाच्या खरखरीत कडेमुळे अडकले, तर फिरण्याऐवजी तार वाकते, आणि ती दर वेळी एकाच जागी वाकते. शहरातल्या रहदारीत क्लच किती वेळा दाबला जातो हे लक्षात घेतले म्हणजे तिथले धागे थकून एकेक करून का तुटतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तुटलेली केबल फेकून देण्यापूर्वी तिचे टोक उजेडात, शक्य असल्यास भिंगाखाली पाहावे. काही धाग्यांची टोके काळपट किंवा तांबूस दिसतील. ते धागे पूर्वीच तुटलेले होते आणि त्यांच्यावर गंज चढला होता. काही टोके चकचकीत असतील. ते धागे शेवटच्या ओढीला तुटले. काळपट टोके जास्त असतील, तर केबल अचानक गेली नाही, ती कित्येक दिवस तुटत होती, आणि कारण बहुधा लिव्हरमध्ये आहे. सगळे धागे शाबूत राहून तार निपलमधून सरळ निसटून आली असेल, तर मात्र दोष निःसंशय केबल बनवणाऱ्याचा. ही एवढी तपासणी केल्याशिवाय दुसरी केबल आणू नये, कारण पहिल्या प्रकारात नवी केबलही त्याच वाटेने जाणार असते.

दुकानात जाण्यापूर्वी

जुनी केबल काढण्याआधी तिच्या मार्गाची मोबाइलवर तीन-चार छायाचित्रे घ्यावीत: हँडलजवळ, हेडलाइटच्या मागे, टाकीखाली आणि इंजिनाशी. त्यानंतर केबलीचा ताण कमी-जास्त करणारे स्क्रू, म्हणजे लिव्हरजवळचा आणि इंजिनाजवळचा असे दोन्ही अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवून केबल सैल करावी. लिव्हरकडच्या अ‍ॅडजस्टरला, त्याच्या लॉक नटला आणि लिव्हरच्या घरालाही एकेक खाच असते. तिन्ही खाचा एका रेषेत आणल्या की तार खाचेतून बाहेर येते आणि निपल लिव्हरमधून काढता येते. टाकीखालून केबल ओढून काढताना तिच्या टोकाला एक मजबूत दोरा बांधावा. केबल बाहेर येते आणि दोरा तिच्या जागी राहतो; नवी केबल त्याच दोऱ्याने ओढून घेतली की मार्ग चुकत नाही.

जुनी केबल दुकानात सोबत न्यावी, मग ती कितीही मळकट असो. केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षांनुसार फरक झालेले असतात, आणि तीस वर्षांच्या गाडीवर मूळची लिव्हर किंवा मूळचे हँडल असेलच याचा भरवसा नसतो. जुळवायची मापे दोन आहेत. पहिले आवरणाची लांबी. दुसरे मोकळ्या तारेची लांबी, म्हणजे आवरण एका टोकाला पूर्ण सरकवल्यावर दुसऱ्या टोकाला जेवढी तार उघडी राहते तेवढी. नवखे लोक पहिलेच माप पाहतात. दुसरे माप थोडे जरी चुकले, तरी अ‍ॅडजस्टर शेवटच्या आट्यावर जातो किंवा निपल लिव्हरपर्यंत पोहोचतच नाही. दोन्ही टोकांच्या निपलचा आकार आणि व्यासही जुळला पाहिजे. भोकात डुगडुगणारे निपल हे अडकणाऱ्या निपलइतकेच वाईट. आधीच्या मालकाने उंच किंवा रुंद हँडल बसवले असेल, तर जुनी केबलच तोकडी असण्याची शक्यता असते. अशा वेळी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, दोरीने मार्ग मोजून लागणारी लांबी ठरवावी.

काउंटरवरची पारख

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एखादी तरी स्पेअर पार्टची गल्ली असतेच. तिथे क्लच केबल साधारण तीन प्रकारची मिळते. पहिली गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या पाकिटातली. दुसरी केबल बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या नावाची. बंगळुरूची सुप्रजित किंवा मुंबईची रेमसन्स यांसारख्या कंपन्या वाहन कंपन्यांना केबली पुरवतात आणि खुल्या बाजारातही विकतात. तिसरी निनावी, किंवा जिचे नाव दर वर्षी बदलते अशी. बंद पडलेल्या गाडीसाठी दुसऱ्या प्रकारची, नावाजलेल्या केबल उत्पादकाची केबल हाच माझ्या मते सर्वांत शहाणा पर्याय आहे. पहिल्या प्रकारचे पाकीट नकली निघण्याचा धोका असतो, आणि नक्कल अर्थातच खपणाऱ्या नावाचीच होते.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांना आणखी एक मोह पडतो, तो म्हणजे ‘त्या काळचा ओरिजिनल स्टॉक’. दुकानदार माळ्यावरून धुळकट पाकीट काढतो आणि तिप्पट किंमत सांगतो. आरशाची काच किंवा टाकीवरचा बॅज असा मिळाला तर जरूर घ्यावा. क्लच केबल घेऊ नये. पंचवीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या केबलीतले ग्रीस वाळून घट्ट झालेले असते, प्लॅस्टिक कडक होऊन तडकू लागलेले असते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट गोदामात आतली तार आधीच गंजलेली असू शकते. रबर, ग्रीस आणि पीळ दिलेली तार यांना वय चढते, मग पाकीट उघडलेले असो वा नसो.

पाकीट हातात घेतल्यावर आधी छपाई वाचावी. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, आणि सर्व करांसहित कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे. यांपैकी काही नसेल तर ती केबल कोणाचीही असू शकते, आणि तक्रार करायची वेळ आली तर ती कोणाचीच नसते.

मग केबल पाकिटातून बाहेर काढावी. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही, आणि जो घेतो त्याचे दुकान सोडावे. केबल सरळ धरून तार मागे-पुढे सरकवावी. त्यानंतर आवरणाला जेवणाच्या ताटाएवढे गोल वळण देऊन पुन्हा तेच करावे. सरळ असताना कोणतीही केबल सरकते, परीक्षा वळणात होते. वळणात तार खरखरली, अडखळली किंवा एकदम जड झाली, तर लायनर नाही, पातळ आहे, किंवा आत कचरा आहे असे समजावे.

निपलवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. तार निपलच्या अगदी मध्यातून, सरळ बाहेर आली पाहिजे. एका कडेला झुकलेली असेल तर ती पहिल्या दिवसापासून वाकत राहील. निपल ओतण्यापूर्वी तारेचे टोक फुलवून धागे पसरवतात, म्हणजे ओतलेला धातू त्यांच्यामध्ये शिरून धागे घट्ट धरतो. हे काम नीट झाले आहे का याचा अंदाज निपलच्या दुसऱ्या बाजूला धाग्यांची टोके दिसत असतील तर तिथून येतो. निपलच्या अंगावर साच्याची उभी धार राहिलेली नसावी, कारण तीच पुढे लिव्हरच्या भोकात अडकते. डाग देऊन बसवलेल्या निपलमध्ये डागाचा धातू तारेवर लांबवर ओघळलेला नसावा. जिथपर्यंत तो गेला तिथपर्यंत तार ताठ होते, आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे ती तुटते.

तारेतल्या धाग्यांकडेही नजर टाकावी. सारख्याच जाडीच्या दोन तारांपैकी जिच्यात बारीक धागे अधिक आहेत ती जास्त लवचीक असते आणि वारंवार वाकणे जास्त सोसते. मोजक्या जाड धाग्यांची तार दिसायला दणकट असली तरी क्लचच्या कामाला कमी योग्य. तार स्टेनलेस आहे असे सांगून दुकानदार चुंबक लावून दाखवतो, पण त्या प्रयोगावर विसंबू नये, कारण थंड अवस्थेत ओढून बारीक केलेली स्टेनलेस तारही काही प्रमाणात चुंबकाला चिकटते. जस्ताचा मुलामा दिलेली साधी पोलादी तार, लायनर चांगला असेल तर, या कामाला पुरेशी आहे. शेवटी आवरणाच्या दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्या घट्ट आहेत का, आणि अ‍ॅडजस्टरचे आटे बोटांनी शेवटपर्यंत फिरतात का, हे पाहावे. केबल पसंत पडली तर दोन घ्याव्यात आणि दुसरीचीही हीच तपासणी करावी.

बसवण्याचे काम

सुरुवात केबलीपासून करू नये, लिव्हरपासून करावी. लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर घरातून बाहेर घ्यावी, जुने ग्रीस रॉकेलने धुऊन टाकावे आणि बोल्टचे भोक पाहावे. ते लंबगोल झाले असेल, लिव्हर वर-खाली डुलत असेल, तर बुश किंवा लिव्हरच बदलावी. त्याशिवाय नवी केबल बसवण्यात अर्थ नाही. निपलचे भोक बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून आतून घासावे. बाजारातल्या स्वस्त लिव्हरमध्ये ओतकामाची धार तशीच राहिलेली असते आणि तार बाहेर पडते ती खाच अरुंद व टोकदार असते. ती गोल कानशीने थोडी मोकळी करावी. आता नवे निपल हाताने भोकात बसवून फिरवून पाहावे. ते बोटाच्या जोराने सहज फिरले पाहिजे. फिरल्यानंतरच ग्रीस लावावे, कारण ग्रीस अडकलेल्या निपलवरचा उपाय नव्हे.

मार्ग जुन्या केबलीचाच ठेवावा, पण आधीचा मेकॅनिक चुकला असू शकतो हे ध्यानात ठेवून. वळणे मोठी आणि थोडी असावीत. केबल टाकीच्या आणि चौकटीच्या मध्ये चेपता कामा नये. बुलेटमध्ये हेडलाइटच्या घराजवळची दाटी विशेष तपासावी. सिलिंडरच्या पात्यांपासून आणि बेंड पाइपपासून, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपपासून, ती दूर राहिली पाहिजे. लायनर पॉलिथिलीनचा असेल तर तो सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळतो, साधा नायलॉन सुमारे २२० अंशांना, पण मऊ पडून तारेला चिकटायला त्याहून कमी उष्णता पुरते. गरम पाइपला टेकलेली केबल बाहेरून धड दिसते आणि आतून जड झालेली असते. केबल टायने ती चौकटीला आवळून बांधण्याची सवय अनेकांना असते. टाय सैल ठेवावा, केबल त्यातून सरकू द्यावी. बसवून झाल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे आणि लिव्हरची ढिलाई दोन्हीकडे सारखी राहते का ते पाहावे. ती एका बाजूला नाहीशी होत असेल, तर केबल तोकडी आहे किंवा कुठेतरी अडकते आहे.

आता जुळवणी. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी इंजिनाकडची, मग केबलीच्या मध्ये स्क्रू असल्यास तिथली, आणि लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर सर्वांत शेवटी. चार गियरच्या जुन्या बुलेटमध्ये गियरबॉक्सच्या बाहेरच्या झाकणावर एक छोटे तपासणीचे झाकण असते. ते काढले की पुशरॉडचा, म्हणजे क्लचच्या प्लेटा ढकलून सुट्या करणाऱ्या सळईचा, अ‍ॅडजस्टर आणि त्याचा लॉक नट दिसतो. पुशरॉडची ढिलाई आधी येथे जुळवावी. ती न जुळवता सगळी कसर केबलीने भरून काढली, तर केबल ज्याला ओढते तो इंजिनाकडचा दांडा चुकीच्या कोनात उभा राहतो, लिव्हर जड होते, आणि ताण पुन्हा निपलवरच येतो. दाब अर्ध्यावर असताना तो दांडा केबलीशी साधारण काटकोनात असावा, ही सर्वच गाड्यांना लागू पडणारी खूण आहे.

लिव्हरची ढिलाई गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. पुस्तिका हाताशी नसेल तर लिव्हरच्या बुडाशी, म्हणजे लिव्हर आणि तिचे घर यांच्यामध्ये, २ ते ३ मिलिमीटर, किंवा लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ठेवावी. ढिलाई अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, चढावर इंजिन घोंघावते पण गाडी वेग घेत नाही, आणि प्लेटा जळतात. ती फार असेल तर गियर टाकताना खडखडाट होतो आणि क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते. सगळे जमल्यावर लॉक नट कसावेत आणि अ‍ॅडजस्टरची व लॉक नटची खाच एकमेकींसमोर येऊ देऊ नये. त्या रेषेत राहिल्या तर पावसाचे पाणी थेट आत उतरते आणि धक्क्याने निपल निसटण्याचीही वाट मोकळी राहते.

नंतरची देखरेख

नवी केबल सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी सैल पडते. आवरणाची वेटोळी आणि टोप्या आपापल्या जागी बसतात, म्हणून एक-दोनदा अ‍ॅडजस्टर फिरवावा लागणे स्वाभाविक आहे. त्यानंतर ढिलाई स्थिर राहिली पाहिजे. स्थिर झालेली केबल पुन्हा सैल पडू लागली, तर अ‍ॅडजस्टरला हात लावण्यापूर्वी लिव्हर उघडून निपलचे तोंड पाहावे. धागे तुटू लागल्याची ही पहिली खूण असते आणि आणखी कसल्याने ती फक्त झाकली जाते. एक जरी धागा सुटलेला दिसला तरी केबल बदलावी.

वंगणाबाबत मतभेद फार आहेत. लायनर नसलेल्या जुन्या पद्धतीच्या केबलीत इंजिन ऑइलचे थेंब वरच्या टोकातून सोडावेत आणि ते खालून बाहेर येईपर्यंत थांबावे. लायनर असलेल्या केबलीला कारखान्यातले वंगण बहुधा पुरते. तिच्यात घट्ट ग्रीस कोंबू नये, ते धूळ धरून ठेवते. लिव्हरमधल्या निपलला आणि बोल्टला मात्र पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर ग्रीस हवेच, केबल कुठल्याही प्रकारची असो.

लांबच्या प्रवासाला निघणारे जुने बुलेटवाले दुसरी केबल पहिलीच्या शेजारूनच घालून ठेवतात. ही पद्धत उचलण्यासारखी आहे. दोन्ही टोके ग्रीस लावून प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळावीत, केबल पहिलीला सैल बांधावी, आणि वाटेत गरज पडली तर टाकी न उतरवता फक्त टोके बदलावीत.

सुटी केबल नसताना तार तुटलीच, तर एखाद्या सायकलच्या दुकानातून स्क्रूचे निपल मिळवून तात्पुरते काम भागते. ते त्याच दिवशी काढून टाकावे. तेही नसेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करावे, गाडी उताराने किंवा पायाने ढकलून थोडी गती द्यावी आणि पहिला गियर टाकावा. पुढचे गियर अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सोडून अलगद टाकता येतात. हे फक्त मोकळ्या रस्त्यावर, जवळच्या गॅरेजपर्यंत करावे. घाटात किंवा बाजारपेठेच्या गर्दीत गाडी बाजूला लावणेच योग्य. जुन्या जावा-येझदीच्या स्वाराला येथे एक सवलत आहे. त्या गाडीत गियरचा दांडा पायाने दाबताच क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे केबल नसतानाही पहिला गियर दाबून धरून, दांडा हळूहळू सोडत निघता येते. मात्र ती यंत्रणा नीट जुळलेली असेल तरच हे जमते, म्हणून अशा गाडीवर नवी केबल चढवल्यानंतर लिव्हरला हात न लावता, केवळ पायाने, मोकळ्या जागेत एकदा निघून पाहावे.